माझ्या कपाळाचं सार्वजनिक आरोग्य

माझ्या कपाळावर डाग आहे हे मला सोडून सगळ्यांना आधी कळलं. मी आरशात बघते ती भांग सरळ आहे की नाही एवढ्यापुरती. बाकीचे लोक मात्र दुसऱ्याच्या कपाळाकडे फुरसतीने बघतात. डाव्या भुवईच्या वर, केसांच्या जरा अलीकडे, टिकलीपेक्षा मोठा, गुलाबीसर, कडेला किंचित उचललेला आणि वरून कोंडा सुटल्यासारखा असा तो डाग होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. आमच्या सोसायटीत एवढं गुणी कोणीच नाही, म्हणून मी त्याला राहू दिलं.

मी उरणच्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवते. म्हणजे लोकांच्या भाषेत पीटीच्या मॅडम. गणिताच्या मास्तरांना वाटतं, हिचं काय, शिट्टी फुंकायची आणि पगार घ्यायचा. त्या मास्तरांना मैदानाला एक फेरी मारायला सांगा, अर्ध्यावर त्यांचं त्रैराशिक सुटतं. असो. मुद्दा असा की आयुष्य उन्हात गेलं. मुलांना उन्हात उभं करून आपण टोपी घालणं मला शिस्तीत बसत नव्हतं. त्यात मी गोरी. सासूबाईंनी मला पसंत केलं तेच मुळी रंगावर. बाकी काही पसंत पडल्याचं त्यांनी त्यानंतर कधी कळू दिलं नाही.

आमच्या समोरच्या दारात कोकिळावहिनी राहतात. यांचं वैद्यकीय शिक्षण मोबाइलवर झालं, आणि ते अजून चालू आहे. एक दिवस जिन्यात मला अडवून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे फिरवलं, बाजारात पापलेट फिरवून बघावं तसं.

"किशोरीताई, टिकलीचा गोंद. शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "खोबरेल तेलात कापूर घालून लावा."

"मी टिकली तिथे लावत नाही. टिकली मध्ये लावतात," मी म्हटलं.

"गोंद पसरतो," वहिनी म्हणाल्या.

पुढे महिनोन् महिने माझ्या कपाळाने कापूर, कोरफड, तुरटी आणि दातांची पेस्ट एवढ्या गोष्टी सोसल्या. सासूबाई नीराबाई यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली ती वेगळीच. डाग होता तिथेच राहिला. शेवटी माझी मुलगी प्रणाली, जी बेलापूरला नोकरी करते आणि माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलते, तिने मला पनवेलच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे अक्षरशः ओढत नेलं.

डॉक्टर रुचिका तरुण होती. तिने डागावर भिंग धरलं, "हं" म्हणाली, आणि एक इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या भेटीत तिने मला, विनेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि प्रणालीला समोर बसवलं.

"हा कर्करोग आहे," ती म्हणाली. विनेशने माझा हात धरायच्या ऐवजी टेबलावरचा पेपरवेट धरला. "पण घाबरू नका. या घराण्यातला हा सगळ्यात आळशी. वरच्या कातडीतच लोळत पडतो, सहसा दुसरीकडे जात नाही. पण हाकलला नाही तर बसल्या जागी कुरतडत राहतो."

"आमच्या स्टाफरूममध्ये आहेत असे," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मला स्वतःलाही रडू येत होतं, पण ते दाखवायची ती जागा नव्हती.

डॉक्टरने दोन वाटा सांगितल्या. एक, कापून काढायचा. दुसरी, एक मलम. डाग पातळ आहे तोवर मलमाने भागण्याची शक्यता चांगली होती. हे मलम स्वतः काही मारत नाही. ते आपल्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना उठवतं आणि चोर दाखवतं, मग मारामारी आपलेच लोक करतात. म्हणजे ते औषध नव्हतं, शिट्टी होती. मला ते तत्काळ पटलं.

"आठवड्यातले पाच दिवस झोपताना लावायचं, सकाळी धुवायचं, दोन दिवस सुट्टी. असे सहा आठवडे," डॉक्टर म्हणाली. "मधल्या काळात कपाळ खूप वाईट दिसेल. लाल होईल, फुटेल, खपली धरेल. अंगात कसकसही येईल. वाईट दिसलं म्हणजे काम चाललंय असं समजा. फार सोसेना झालं तर मला फोन करा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. मध्येच सोडलं तर बहुधा कापावंच लागेल."

"किती वाईट दिसेल?" विनेशने विचारलं.

"लोक विचारतील," डॉक्टर म्हणाली. एवढ्या शिकलेल्या बाईने एवढं अपुरं वाक्य बोलावं याचं मला आजही नवल वाटतं.

गाडीतच आम्ही ठरवलं की 'कॅन्सर' हा शब्द घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. कारण आमच्याकडे हा शब्द उच्चारला की लोक शहाळी घेऊन येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि आपल्या चुलत्याचं कसं झालं ते सांगतात. त्या चुलत्यांपैकी वाचलेला एकही मी आजवर ऐकलेला नाही. शिवाय प्रणालीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा स्वराज, तिच्याच कचेरीतला, पालीचा. दोघांचं आधीच ठरलेलं. आता फक्त आपणच ठरवतोय असं आईबापांना वाटू द्यायचं होतं. सासूबाईंनाही काही सांगायचं नाही, असं विनेश म्हणाला. "आईच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला. हे त्याच्याही बाबतीत खरं आहे, पण तो विषय वेगळा. जगाला सांगायचं, अ‍ॅलर्जी.

मलम उरणमध्ये कुठेच मिळेना. शेवटी नाक्यावरच्या येसाजी मेडिकलवाल्याने वाशीहून मागवून देतो म्हणून चिठ्ठी ठेवून घेतली. मलम आलं तेव्हा दुकानात ही गर्दी. माझ्या शाळेतले दोन पालक, एक शिंकणारे काका आणि नेमक्या कोकिळावहिनी, खोकल्याचं औषध घ्यायला. येसाजीने खोका हातात घेतला, वरचं नाव वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं. मग त्याचा चेहरा बदलला. वर्गात कॉपी सापडल्यावर सज्जन मास्तरांचा बदलतो तसा.

"मॅडम," तो म्हणाला, "हे तुमच्यासाठीच आहे ना?"

"चिठ्ठीवर माझंच नाव आहे."

"नाय, तसं नाय. म्हणजे… विनेशभाऊ पण लावणार?"

"त्यांना कशाला?"

"दोघांनी केलेलं बरं असतं," असं अगदी हळू म्हणून त्याने तो खोका आधी वर्तमानपत्रात गुंडाळला, मग काळ्या पिशवीत घातला, आणि पिशवीला गाठ मारली. शिंकणारे काका शिंकायचे थांबले. मी मनात म्हटलं, काय जपतो बिचारा औषधाला.

घरी प्रणालीने आतला कागद उलगडला. तो उलगडला की जेवणाच्या टेबलाएवढा होतो. ती मोठ्याने वाचू लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबली.

"आई, हे मलम आणखी एका गोष्टीवर चालतं."

"कशावर?"

"मसांवर."

"मग?"

"कुठल्या मसांवर ते लिहिलंय." तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. गुप्तांगावरचे मस, आणि ते एकमेकांपासून कसे लागतात, हे त्या कंपनीने इतक्या सविस्तर आणि इतक्या वरती छापलं होतं की माझ्या डागाचा नंबर येईपर्यंत मोबाइलवर बघणाऱ्या माणसाचं समाधान होऊन मोबाइल बंद झालेला असणार. विनेशने वाचलं आणि "अगं बाई" म्हणाला. तो हे वाक्य वर्षातून एकदाच म्हणतो, आयकर भरताना. मी मात्र हसले. कातडी ती कातडी, वर काय आणि खाली काय! औषधाला लाज नसते. लाज नसलेले इतरही पुष्कळ असतात हे मी त्या हसण्याच्या भरात विसरले.

पहिले काही दिवस काही झालं नाही. मला वाटलं, माझ्या पहारेकऱ्यांनीही सरकारी नोकरी धरली की काय. मग एका सकाळी कपाळ चुरचुरलं, दुसऱ्या सकाळी तांबूस झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात तर बघायलाच नको. डाग जेवढा दिसत होता त्याच्या दुप्पट जागेत लाली, मध्ये फुटून ओलसर, वर मधाच्या रंगाची खपली. अंगात ताप. मी आरशात बघितलं आणि स्वतःला सांगितलं, काम चाललंय. पण हे वाक्य स्वतःला सांगणं सोपं आणि आमच्या सासूबाईंना सांगणं अवघड.

"यो काय झालाय गो कपालाला?" सासूबाईंनी विचारलं.

"अ‍ॅलर्जी."

"अलरजी न्हाय ती. नागीन हाय. तोंडाला शेपूट लागली का मानूस खपतो." एवढं बोलून त्या बाहेर पडल्या आणि संध्याकाळपर्यंत भिकू नावाच्या एका गृहस्थाला घेऊन आल्या. भिकूचा धंदा रंगारीचा. फावल्या वेळात तो नागीण उतरवतो. उरलेल्या कावेचा, म्हणजे गेरूचा, डबा तो बरोबर घेऊन आला होता. माझ्या कपाळाभोवती कावेने रिंगण ओढून, आत मंत्र म्हणून तो नागिणीचा रस्ता अडवणार होता.

"बाय, हलू नको. हलशील तं रिंगन वाकडा व्हईल," तो म्हणाला.

"ब्रश खाली ठेव," मी म्हटलं. ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजावर माझ्या शाळेत दहावीचे वर्ग जागच्या जागी थिजतात. भिकूने ब्रश तर ठेवलाच, स्वतःही सोफ्यावर बसला. पण पाहुणा आल्यासारखा चहा मात्र पिऊन गेला, आणि जाताना सोफ्याला काव लावून गेला.

शाळेत वार्षिक क्रीडास्पर्धा तोंडावर आल्या होत्या. मुख्याध्यापक दयाराम सरांनी मला बोलावून घेतलं. हे सर बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. त्या दिवशी तर त्यांनी खिडकीही उघडली.

"घरत मॅडम, पालक विचारतायत. संसर्गजन्य नाही असा सरकारी दाखला आणलात तर बरं. तोवर मैदानावर… जरा लांबून."

लांबून पीटी! मी माझ्या डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. खासगी चालत नाही, सर म्हणाले. सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या कारकुनाने दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. "आमच्याकडे दोन दाखले आहेत. एक कामावर जायला योग्य, एक अयोग्य. चिकटत नाही असा दाखला नाही." त्वचेचे डॉक्टर गुरुवारी येतात, असं कळलं. गुरुवारी कळलं की ते या गुरुवारी येत नाहीत. शेवटी एका दयाळू डॉक्टरांनी योग्यच्या दाखल्यावर रकाना वाढवून लिहून दिलं: 'संसर्ग: लागू नाही.'

दयाराम सरांनी तो दाखला खिडकीच्या उजेडात धरला. "मॅडम, लागू नाही म्हणजे लागत नाही, की हा प्रश्नच लागू नाही?"

"सर, मी पीटी शिकवते. तुम्ही मराठी शिकवता," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतो," सर म्हणाले, आणि दाखला वर पाठवून मार्गदर्शन मागवतो म्हणाले. वर म्हणजे कुठे ते त्यांनी सांगितलं नाही. ते मार्गदर्शन अजून यायचं आहे. त्या वर्षी बक्षीस समारंभात मी मंडपाच्या मागच्या खांबाशी उभी होते, आणि माझ्याच मुलींनी धावण्यात जिंकलेला चषक गणिताच्या मास्तरांनी स्वीकारला.

खरा प्रकार मला कळला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. कोकिळावहिनींकडे सोसायटीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी गेले तशी बोलणी थांबली. हळदीकुंकू लावायच्या वेळी वहिनींनी सगळ्यांच्या कपाळाला बोट लावलं, आणि माझ्यापुढे करंडा सरकवून म्हणाल्या, "तुमचं तुम्ही घ्या हं, ताई." बाकीच्यांना काचेच्या पेल्यात मसाला दूध, मला कागदी पेल्यात. मी बसले होते त्या सतरंजीच्या कडेवरून हळूहळू बायका उठल्या. कपाळावर जखम आहे म्हणून बोट लावलं नाही हे समजू शकते. पण सतरंजीला काय झालं होतं?

संध्याकाळी विनेश घरी आला तो विचित्र चेहऱ्याने. तो बंदरातल्या एका शिपिंग एजंटाकडे आहे आणि मधूनमधून गुजरातेत मुंद्र्याला जातो. हा माणूस फिरतीवर दहीभात खातो, लॉजमधली चादर बदलून घरची अंथरतो आणि झोपण्यापूर्वी मला फोन करून दाराची कडी लावली का विचारतो.

"आज ऑफिसात सगळे पाठीवर थाप मारत होते," तो म्हणाला. "म्हणाले, विनेशभाय, मुंद्रा में संभाल के. बायकोला कशाला त्रास?"

मग मला काळी पिशवी आठवली, तिची गाठ आठवली आणि दोघांनी केलेलं बरं असतं हेही आठवलं. येसाजीने बायकोला सांगितलं, येसाजीची बायको आणि कोकिळावहिनी एका भिशीत, आणि भिशीला तर सगळं उरण. कपाळावर दिसतंय ते एवढंच, बाकी कुठे कुठे असेल देव जाणे, असंही बोललं जात होतं. मी संतापले होते. विनेश मात्र सोफ्यावर बसून मोजे काढत होता, आणि मला तर त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं.

"तुम्हाला हसू येतंय?"

"छे छे. वाईटच झालं," तो म्हणाला. पण इतकी वर्षं ज्या माणसाबद्दल कोणी एक बातमीसुद्धा केली नाही, त्याला आपण मुंद्र्यात असले काही उद्योग करू शकतो असं लोकांना वाटतं याचं आतून कुठेतरी बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो नवा शर्ट घालून कामावर गेला.

अशा सगळ्या वातावरणात पालीहून निरोप आला. स्वराजचे वडील बाबाजीराव आणि आई आवडाबाई येत्या रविवारी येणार. बाबाजीराव भातशेती करून बाजारात खतबियाण्याचं दुकान चालवतात. त्यांचा दिवस ठरला म्हणजे ठरला. बल्लाळेश्वराला विचारून ठरवतात, त्यामुळे बदलायचा तर अपील थेट देवाकडे.

प्रणालीने माझ्या कपाळाकडे बघितलं. "आई, एक आठवडा मलम बंद ठेव ना. फक्त एक आठवडा. मग पुढे लाव."

"डॉक्टर काय म्हणाली ते तूच ऐकलंस."

"मला माहितेय काय म्हणाली! पण ते बघतील तर काय म्हणतील? तिकडे काय पोचलंय ते तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे?" ती रडायला लागली. ही मुलगी पडून गुडघा फुटला तरी रडत नसे. मीच तिला तसं वाढवलं. मी डॉक्टरला फोन केला. आता ऐन भरात आहे, ती म्हणाली, आणि खपली काही तुमच्या पाहुण्यांचं वेळापत्रक बघून जाणार नाही. बंद केलंत तरी रविवारी अशाच दिसाल, फक्त अर्धवट उपचारानिशी. मी फोन ठेवला. बराच वेळ मलमाच्या त्या छोट्या पाकिटाकडे बघत बसले. आयुष्यात मी दुसऱ्यांना नाही नाही ते सोसायला सांगत आले होते. पळा, थांबू नका, दम लागला तरी पळा. आणि आता एका विहिणीच्या पोह्यांसाठी आपण थांबायचं? मी पाकीट फाडलं आणि मलम चोळलं. प्रणाली माझ्याशी शनिवारपर्यंत बोलली नाही.

रविवारी पाहुणे आले. पोहे केले होते, वर ओलं खोबरं, शेजारी करंजी. कोकिळावहिनी मदतीला म्हणून न बोलावता आल्या आणि मदत म्हणून खुर्चीत बसल्या. बाबाजीराव मिशीवाले, भारदस्त. आवडाबाई ठुशी घालून, पदर घट्ट ओढून. स्वराज माझ्याकडे बघून ओशाळं हसला, म्हणजे पालीपर्यंत पोचलं होतं. आवडाबाईंनी पोह्यांची बशी हातात घेतली, मांडीवर ठेवली, मग खाली ठेवली. पाण्याला हात लावला नाही. सगळे हवेबद्दल बोलले. हवा संपली.

"विनेशराव फिरतीवर असतात म्हणे," बाबाजीराव छताकडे बघत म्हणाले.

"अधूनमधून. मुंद्रा," विनेश म्हणाला. त्याने तो नवा शर्टच घातला होता.

"हां. मुंद्रा," बाबाजीराव म्हणाले. मग खाकरले. "म्हणजे आमच्या कानावर काय काय आलंय. खरंखोटं देव जाणे. पोरांचं काय म्हणणं नाही. पण घर म्हटलं की… स्वच्छता असावी. काय?"

कोकिळावहिनी पंख्याकडे इतक्या एकाग्रतेने बघत होत्या की मला वाटलं, तो पडेल. प्रणालीचा चेहरा पांढरा पडला. मी उठून उभी राहिले. मैदानावर उभी राहते तशीच.

"बाबाजीराव, तुमच्या कानावर जे आलंय ते समोर बसलेल्या या बाईंच्या भिशीतून आलंय. मला तसला काही आजार नाही, यांनाही नाही. यांना मुंद्र्यात दह्याशिवाय काही मिळालेलं नाही. माझ्या कपाळावर आहे तो कॅन्सर. कातडीचा. त्यावर हे मलम आहे, डॉक्टरने दिलेलं, आणि ते मी लावणार. तुमच्या मुलाला यावरून माझी मुलगी नको असेल तर तसं आत्ता सांगा, पोहे गार होतायत."

 मग आवडाबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. "हात्तिच्या! कॅन्सरच व्हय?" त्या म्हणाल्या, आणि बशी उचलून पोह्यांचा पहिला घास घेतला. "आमी मेलं काय काय समजलो!"

"कॅन्सर काय, कोणालाही होतो," बाबाजीराव मोकळे होत म्हणाले. "चांगल्या चांगल्या घरात होतो." जणू आमची बढतीच झाली. कोकिळावहिनींचा चेहरा मात्र उतरला. त्यांच्या मालाचा भाव भर बाजारात पडला होता.

एवढ्यात आतल्या दारातून हंबरडा ऐकू आला. सासूबाई. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्या आल्या, पाहुण्यांच्या मधून, आणि माझे दोन्ही दंड धरले. "माज्या पोरीला एवढा मोठा दुखना, आनि मी रंगारी आनला गो! मला सांगाचा न्हाय?" त्यांची बोटं माझ्या दंडात रुतत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली. त्यांनी मला विनेशची बायको म्हटलं, गोरी म्हटलं, मास्तरीण म्हटलं. पोर कधी म्हटलं नव्हतं. पनवेलच्या त्या खुर्चीत गिळलेलं रडू तेव्हा सुटलं. मी पाहुण्यांसमोर ढसाढसा रडले, आणि सासूबाईंनी आपला ओला गाल माझ्या कपाळाला टेकवल्यावर खपलीवर खारं पाणी लागून जी आग झाली म्हणता!

बाबाजीरावांनी सगळ्यांना सावरायला थोडा वेळ दिला, पण फार नाही. "उन्हेऱ्याला या तुम्ही," ते म्हणाले. "आमच्या पालीच्या शेजारीच. गरम पाण्याचं कुंड. कातडीचं काही असू दे, सात रविवार बुडी मारा."

"डॉक्टरचं मलम चालू आहे," मी नाक पुसत म्हटलं.

"मलम लावूनच मारा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. सोयरीक जुळवायची तर माणसाने कुठेतरी बुडी मारायची तयारी ठेवावी लागते.

पुढचे दिवस शहाळ्यांचे होते. ज्यांनी मला कागदी पेल्यात दूध दिलं त्याच बायका खुर्चीच्या कडेवर बसून आपापल्या चुलत्यांचं सांगू लागल्या. येसाजीने उरलेल्या दिवसांचं मलम घरपोच पाठवलं, उघड्यावर, पिशवीशिवाय. विनेशबद्दलची बातमी विरली आणि तो आठवडाभर उगाच चिडचिडा झाला. सहा आठवडे सरले, खपल्या गळल्या, लाली ओसरली. डॉक्टर रुचिकाने भिंग धरलं, पुन्हा "हं" म्हणाली, पण हा "हं" वेगळा होता. तूर्त काही दिसत नाही, ती म्हणाली. दर काही महिन्यांनी दाखवत जा, आणि मॅडम, टोपी घाला. डागाच्या जागी फक्त एक फिकट पांढुरका चट्टा राहिला. या मलमाने कधीकधी कातडीचा रंग उडतो. त्याचं मला काहीच वाटलं नाही. लोकांचं मी विचारात घेतलं नाही, हीच चूक.

साखरपुडा पालीला झाला. हॉल भरलेला, सनईची कॅसेट, माइकवर स्वराजचे मामा. मी कपाळ उघडं टाकून, केस मागे बांधून उभी होते. मेकअपवाल्या मुलीला मी चट्ट्यापासून लांब ठेवलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून कुजबुज ऐकू आली. स्वराजच्या कुठल्याशा आत्या, बायजाबाई, शेजारणीला सांगत होत्या, "पोरीच्या आईला कोड हाय वाटतं. बघ ना, पांढरं. उद्या पोरीला येईल, मग नातवंडांना." कुजबुज दुसऱ्या रांगेतून तिसऱ्या रांगेत गेली. माना वळल्या. आचाऱ्यानेसुद्धा झारा हातात धरून पडद्याआडून डोकावून बघितलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात व्यासपीठावर हालचाल झाली. आवडाबाईंनी, ठुशी सावरत, स्वतःच्या भावाच्या हातातला माइक हिसकावून घेतला होता.

"आयका रे सगळी!" त्या गरजल्या, आणि माइक किंचाळला. "माज्या इहिनीच्या कपाळावर कोड न्हाय! कॅन्सर व्हता! मोठा! तो तिनं औषीद लावून मारला! आमच्या घरात कोड न्हाय येत, आमच्या घरात कॅन्सर मारनारी मानसं येतात! बायजे, कळलं का?"

 मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा हॉल कडाडला. बाबाजीरावांनी मिशीवर हात फिरवला. सासूबाई "माजी पोर, माजी पोर" करत शेजारच्यांना बोट दाखवून सांगत होत्या. फोटोवाल्याने नवऱ्या मुलीवरचा दिवा काढून माझ्या कपाळावर धरला. दोन अनोळखी बायका येऊन माझ्या पाया पडल्या, आणि बायजाबाईंनी, कोण म्हणतं जगाला लाज नाही, त्या मलमाचं नाव विचारलं.

या गडबडीत प्रणाली आणि स्वराजने एकमेकांच्या बोटात अंगठ्या घातल्या. ते पाहायला व्यासपीठासमोर आम्ही चार-पाच जण होतो. बाकीचे माझं अभिनंदन करून जिलबीच्या रांगेत गेले होते.